सासूबाई म्हणतात हात दाखव, मुलगा म्हणतो बटण दाब

‘ताई, मी गिरगावात ठाकूरद्वारला राहते. वय ५७. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आता आठवड्यातून तीनदा त्यांना परळला व्यायामासाठी न्यावं लागतं. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने माझ्या फोनवर टॅक्सीचं ॲप टाकून दिलंय. म्हणतो, आई, उन्हात हात हलवत उभी राहू नकोस. सासूबाई म्हणतात, साठ वर्षं काळ्या-पिवळ्या टॅक्सीने फिरले, कुणाच्या तरी खासगी गाडीत मी बसणार नाही. गेल्या महिन्यात एकदा चार टॅक्सीवाल्यांनी ओळीने नाही म्हटलं. पुढच्याच आठवड्यात ॲपची गाडी हॉस्पिटलच्या दारात तीनदा रद्द झाली आणि पाऊस लागल्यावर भाडं सकाळच्या जवळजवळ दुप्पट दिसायला लागलं. सासूबाई वॉकर धरून पाऊण तास उभ्या होत्या. घरी येऊन रडल्या. आता जायच्या आदल्या रात्री घरात वाद होतो. मुलगा फोनवर, सासूबाई पलंगावर आणि मी मध्ये. कशाने जाऊ, तुम्हीच सांगा.’
– सौ. सु., गिरगाव

सुताई,

पत्र वाचून सगळ्यात आधी तो पाऊण तास डोळ्यांसमोर आला. ऑपरेशन झालेला गुडघा, व्यायामाने आधीच ठणकणारा, वरून पाऊस आणि हातात वॉकर. सासूबाईंच्या रडण्यात दुखणं होतंच, पण आपल्यामुळे सुनेचे हाल होतायत ही बोचही असणार. म्हणून भाड्याचा हिशोब मागाहून करू. तुमच्या घरातला वाद टॅक्सी की ॲप असा दिसतो खरा, पण टॅक्सीनेही तुम्हाला रस्त्यात उभं केलं आणि ॲपनेही. दोघांपैकी एकाची बाजू घेऊन तो पाऊण तास टळणार नाही.

माझं मत सरळ सांगते. जाताना काळी-पिवळी, ओळखीची आणि मीटरने. येताना जी आधी दाराशी लागेल ती, पण दोन्हीची तयारी ठेवून. आणि ॲप मुलाच्या भरवशावर न ठेवता तुम्ही स्वतः शिकून घ्यायचं.

जातानाचं आधी घेऊ, कारण जाताना वेळ तुमच्या हातात असते. घरातून किती वाजता निघायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं असतं. अशा ठरलेल्या फेरीला रस्त्यात हात दाखवायची गरज नाही आणि बटण दाबायचीही नाही. तुमच्या घराजवळ जो टॅक्सी स्टँड असेल तिथे एका दुपारी जा, गाड्या उभ्या असतात आणि चालक निवांत असतात तेव्हा. सांगा की सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी परळला जायचंय, म्हातारं माणूस आहे, मीटरने जाऊ, कोण येईल? आठवड्याला तीन ठरलेली भाडी, तीही सात किलोमीटरच्या आसपासची, सकाळच्या वेळी. टॅक्सीवाल्याला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? रस्त्यात नाही म्हणणारा माणूसही स्टँडवर हो म्हणतो, कारण तिथे त्याला पुढच्या आठवड्याचंही दिसतं. दोघांचे नंबर घ्या, एक मुख्य आणि एक तो गावी गेला तर. युपी-बिहारकडचे पुष्कळ चालक वर्षातून महिना-दोन महिने गावी जातात, तेव्हा दुसरा नंबर लागतोच.

आता त्या चौघांनी नाही का म्हटलं असेल? तुम्ही वेळ लिहिलेली नाही, पण शिफ्ट बदलायची वेळ असली की चालकाला गाडी ठरलेल्या ठिकाणी नेऊन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची असते, आणि उलट दिशेचं भाडं तो घेत नाही. कुणाला सीएनजीची रांग गाठायची असते. शिवाय सप्टेंबर २०२५मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून परळचं नाव काढलं की अर्धा तास अडकू ही धास्ती त्यांना असते. ही कारणं समजून घ्यावीत, म्हणजे मनस्ताप कमी होतो. पण समजून घेणं वेगळं आणि चालवून घेणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे भाडं नाकारणं हा गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे. वॉकर घेतलेल्या बाईला नाकारणाऱ्याची तक्रार करताना मन अजिबात खाऊ देऊ नका. गाडीचा नंबर, वेळ, जागा एवढं कागदावर किंवा फोनमध्ये टिपून आरटीओकडे द्यायचं. समोर वाहतूक पोलीस असला तर त्याला तिथल्या तिथे सांगायचं.

एक साधी गोष्ट: ज्या दिशेला जायचंय त्याच बाजूच्या फुटपाथवर, सिग्नल ओलांडून पुढे उभं राहा. टॅक्सीवाल्याला यू-टर्न घ्यावा लागणार नसेल तर निम्मे नकार तिथेच गळतात.

आता मीटर. तुमचा मुलगा म्हणत असेल की ॲपवर भाडं आधी कळतं, टॅक्सीत कळत नाही. मुंबईत तसं नाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराने काळ्या-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. गंमत बघा, दीड किलोमीटरला वीस-सहासष्टने गुणलं तरी एकतीसच येतात. म्हणजे टप्प्यांची भानगड नाही, जितके किलोमीटर तितक्यांदा वीस-सहासष्ट. तुमच्या घरापासून परळ सात किलोमीटर धरलं तर १४५ रुपये. गाडी तुंबली की मीटर वेळही मोजतो, म्हणून वर थोडे धरा. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट, पण त्या वेळी तुम्हाला जायचं नाहीच. मीटर पडल्यावर आकडा ३१ वर आहे ना, एवढं बसल्याबसल्या बघायचं. हा हिशोब सासूबाईंना सांगून ठेवा. त्या तोंडी करतील आणि एकदा केला की कुणी चारशे मागितले तर तुमच्याआधी त्याच बोलतील.

निळी-चंदेरी कूल कॅब मिळाली तर तिचे पहिल्या दीड किलोमीटरला ४८ रुपये. उन्हाळ्यात, ऑपरेशननंतरच्या शरीराला, तेवढे जास्त द्यायला हरकत नाही असं मला वाटतं.

सासूबाईंना आठवते ती टॅक्सी बहुतेक फियाट असेल, प्रीमियर पद्मिनी. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी ऑक्टोबर २००३मध्ये झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आता काळ्या-पिवळ्या म्हणजे वॅगन आर, सँट्रो, इको, अर्टिगा. गुडघ्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. वॅगन आरची सीट उंच असते. ॲपवर पुष्कळदा येणारी डिकीवाली सेडान बसायला खाली असते, त्यात उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. ॲपवर गाडी आली तर मॉडेलचं नाव नंबरच्या शेजारीच दिसतं, तेही बघत चला. सासूबाईंना गाडीत बसवताना आधी पाठ सीटकडे करून टेकवायचं, मग त्यांनी बसल्या जागी दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना उलट, दोन्ही पाय बाहेर आणि मग उठणं. एक पाय आत टाकून वाकून शिरणं या गुडघ्याला झेपणार नाही. पुढची सीट मागे सरकवून त्यांना पुढे बसवलं तर आणखी सोपं. ही गोष्ट ओळखीचा टॅक्सीवाला दुसऱ्या फेरीला स्वतःच करतो, सांगावं लागत नाही. अनोळखी चालकाला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. मी जाताना ओळखीच्या टॅक्सीचा आग्रह धरते तो मुख्यतः यासाठी.

वॉकर घडीचा असेल तर मागे मावतो. पण पुढे कधी चाकाची खुर्ची न्यावी लागली तर डिकी आधी बघा. सीएनजीची टाकी डिकीत असते आणि बाकी जागा बेतास बात. काळ्या-पिवळ्यांच्या टपावर बरेचदा कॅरिअर असतो, ॲपच्या गाड्यांवर तो क्वचित.

आता येताना. इथे गणित बदलतं. व्यायाम किती वाजता संपेल हे नक्की नसतं, हॉस्पिटलबाहेर टॅक्सीसाठी गर्दी असते आणि सासूबाई थकलेल्या असतात. तुम्ही टॅक्सी शोधायला रस्त्यावर आणि त्या एकट्या आत, किंवा त्यांना घेऊनच रस्त्यावर, हे दोन्ही नको. ओळखीचा टॅक्सीवाला रिकामा असेल तर संपायच्या वीस मिनिटं आधी त्याला फोन करा. तो नसेल तर ॲप, पण सासूबाई आत बाकावर बसलेल्या असताना. गाडी दाराशी लागल्याशिवाय त्यांनी उठायचंच नाही. तुमच्या त्या दिवशी गाडी ठरली म्हणून तुम्ही त्यांना दारापर्यंत आणलं आणि मग ती रद्द झाली, असं मला पत्रावरून वाटलं. गाडी ठरली म्हणजे ती आली असं धरू नका. नकाशावर ती चालू लागली, वळली, फाटकात शिरली की मग उठा.

रद्द का होते तेही सांगते. चालक फोन करतो आणि विचारतो, कुठे जायचंय, कॅश की ऑनलाइन? त्याला तुमच्यापर्यंत रिकामं यायचं असतं, त्या सीएनजीचे पैसे कुणी देत नाही. भाडं लहान असेल किंवा ऑनलाइन पैसे त्याच्या हातात उशिरा पडत असतील तर तो नाखूश होतो. गाडीचा हप्ता त्याच्या डोक्यावर असतो. मागे एकदा दादरला रात्री अशाच एका चालकाशी मी तावातावाने भांडले. त्याने शांतपणे फोन काढून मला त्या दिवसाची कमाई दाखवली. चौदा तासांचा आकडा होता तो. मी गप्प बसले. त्याचं रद्द करणं मला पटलं नाही, पण त्यानंतर मी फोनवर आधीच सांगते, ‘कॅश देते, म्हातारं माणूस सोबत आहे, या.’ बहुतेक जण येतात. महाराष्ट्राच्या मे २०२५च्या धोरणात चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळाला पाहिजे असं म्हटलं आहे. हे नीट अमलात आलं तर रद्द होणंही कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक लक्षात ठेवा. चालक ‘तुम्हीच कॅन्सल करा’ म्हणाला तर करू नका. रद्द तुम्ही केलंत तर शुल्क तुमच्या माथी बसतं. केंद्राच्या जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत विनाकारण रद्द करणाऱ्याला, मग तो चालक असो की प्रवासी, भाड्याच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १०० रुपये असा दंड सांगितला आहे. त्याला यायचं नसेल तर त्याने रद्द करावं. करावंच लागलं तर कारणांच्या यादीत ‘चालकाने रद्द करायला सांगितलं’ अशा अर्थाचं असेल तेच निवडा.

पावसातल्या दुप्पट भाड्याचं कोडं मी कागदावर मांडून बघितलं. आपल्या राज्याच्या धोरणाप्रमाणे मागणी वाढली तर मूळ दराच्या दीडपटीपर्यंत भाडं वाढू शकतं आणि मागणी कमी असेल तर २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. शंभराचं भाडं धरा. सकाळी सूट मिळून ७५ झालं आणि दुपारी पावसात दीडशे. म्हणजे नियमात बसूनही सकाळच्या बरोबर दुप्पट. तुम्हाला तो सरळसरळ अन्याय वाटला आणि त्या अवस्थेत तो वाटणारच. पण मीटरवर पाऊस पडत नाही, सुताई. परळहून गिरगावपर्यंतचे सात किलोमीटर मीटरला सकाळी जेवढे तेवढेच पावसातही, फक्त गर्दीत तुंबलेल्या वेळाचे पैसे वाढतात. म्हणून भर पावसात ॲपचा आकडा बघून दचकलात तर मनात १४५ आणा आणि दोन्हीमधला फरक बघा. पन्नासने जास्त असेल आणि सासूबाई दमल्या असतील तर द्या आणि या, त्यावर विचार करू नका. दीडशेने जास्त असेल तर आत चहा घ्या, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आकडा पुष्कळदा उतरतो.

वेगवेगळ्या फोनवर वेगळं भाडं दिसतं अशीही तक्रार ऐकू येते. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या दोन्ही कंपन्यांना यावर नोटीस पाठवून विचारणा केली होती. फोन बघून भाडं ठरवत नाही, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं. तुम्ही वाटलं तर शेजारणीचा फोन शेजारी ठेवून बघा, पण हॉस्पिटलच्या दारात उभं राहून नको.

मेट्रोचा विचार तुम्ही केला असेलच. ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली, गिरगावात स्टेशनही आलं. पण ती परळला जात नाही, उतरून पुन्हा गाडी करावी लागते. गुडघा बरा होईपर्यंत तो मार्ग सोडून द्या. बसही तशीच.

आता मुलाकडे येते. तो पुण्यात बसून काळजी करतो आणि ती खरी आहे. पण ॲप त्याने टाकलं, त्यात पैसे त्याचे, काही झालं की तुम्ही फोन करणार त्याला. तो मीटिंगमध्ये असला की तुम्ही अडकलात. त्या पाऊण तासात तुम्ही त्याला किती वेळा फोन लावलात, ते मला विचारायचंच नाही. त्याला सांगा, येत्या शनिवार-रविवारी घरी ये आणि शेजारी बसून मला चार गोष्टी शिकव: गाडी कशी मागवायची, रोख पैशांवर कशी टाकायची, प्रवास चालू असताना त्याची लिंक तुला कशी पाठवायची आणि जो चार आकडी कोड येतो तो कधी सांगायचा. तो कोड गाडीत बसल्यावरच सांगायचा, आधी नाही. मग तुम्हीच दोन वेळा घरापासून चर्नी रोडपर्यंत मागवून बघा, सासूबाई सोबत नसताना. हात बसला की धास्ती जाईल. लिंक मुलाच्या फोनवर गेली की त्याला गाडी कुठे आहे ते दिसेल आणि त्याचंही समाधान होईल. पुण्यातून तुमच्यासाठी गाडी मागवायची सोयही ॲपमध्ये असते. ती अडीनडीला राहू द्या, रोजची सवय नको.

काळ्या-पिवळीत बसलात तरी नंबर मुलाला पाठवा. एमएच ०१ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत. आणि दोन्हीत काही वावगं वाटलं तर ११२.

सासूबाईंचं राहिलं. ‘कुणाच्या तरी खासगी गाडीत’ असं त्या म्हणतात त्यात मला हट्ट दिसत नाही. त्यांच्या तरुणपणी टॅक्सी म्हणजे काळा-पिवळा रंग, मीटर आणि चालकाचा बॅज, बघताक्षणी ओळखू येणारी वस्तू. बाईमाणसाने एकटीने बसावं इतका विश्वास त्या रंगावर होता. ॲपच्या पांढऱ्या गाडीवर तसं काही दिसत नाही. त्यांना दाखवा: पांढरी असली तरी हिची नंबरप्लेट पिवळी आहे, त्यावर काळी अक्षरं, म्हणजे हिलाही भाड्याने चालायचा परवाना आहे. घरच्या गाडीची पाटी पांढरी असते. आणि गाडी आली की नंबर जुळवायचं काम त्यांच्याकडे सोपवा. तुम्ही फोनवरचा नंबर मोठ्याने वाचा, त्यांनी पाटीवरचा वाचायचा. जुळला तरच बसायचं, आणि ‘बस’ हे त्यांनी म्हणायचं. दुखणाईत माणसाच्या हातून सगळे निर्णय गेलेले असतात, औषध दुसऱ्याने द्यायचं, कधी निघायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. हा एक त्यांच्याकडे राहू द्या. जाताना त्यांची काळी-पिवळी आहेच, मग येताना कधी पांढरी आली तर त्या एवढं अडवणार नाहीत असं मला वाटतं.

हॉस्पिटलच्या फाटकावरच्या रखवालदाराशीही बोलून ठेवा. त्याला तुमचे तीन वार आणि सुटायची वेळ कळली की तो सवारी सोडायला आत आलेली टॅक्सी थांबवून ठेवतो. तिथे सर्वात जास्त रिकाम्या टॅक्सी त्याच्याच डोळ्यांसमोरून जातात, आणि त्याने हात केलेली टॅक्सी सहसा नाही म्हणत नाही.

रात्री वाद होतो असं लिहिलंयत. पुढच्या रविवारी संध्याकाळी, मुलगा घरी असतानाच, स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याला त्याच्यासमोर फोन लावा आणि सोमवारची वेळ पक्की करा. मग फोन सासूबाईंच्या हातात द्या. कुठल्या फाटकाशी गाडी लावायची ते त्याच सांगतील.